पहारेकऱ्यांचे चार टोप

नांदेडात तरोडा नाक्याच्या मागच्या वस्तीत एका घराच्या गच्चीवर बारा महिने काही ना काही वाळत असतं, आणि ते पापड-कुरडया कधीच नसतात. रावणाची तोंडं असतात, हनुमानाचे मुकुट असतात, शाळेच्या गॅदरिंगला लागणारे मावळ्यांचे टोप असतात. हे घर शिवकन्याचं. वय सत्तेचाळीस. नवरा श्रीमंत शाळेची व्हॅन चालवतो. हातातलं काम तिला माहेरचं मिळालं. वडील लक्ष्मणराव हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यात शेती बघून जत्रेतल्या सोंगांचे मुखवटे करायचे. कागदाचा लगदा, मुलतानी माती, मेथीची खळ. लहानपणी शिवकन्याच्या फ्रॉकला कायम मेथीचा वास यायचा.

सहा वर्षांपूर्वी तिनं कागद जवळजवळ सोडला आणि फोम धरला. फोमचं शीट कटरनं कापायचं, हीटगननं गरम करून गोलाई द्यायची, कडांना सोल्यूशन लावून जोडायचं, वर रंग मारायचा. कागदाला जिथं चार-पाच दिवस जायचे तिथं एका दुपारीत टोप तयार. वजन नाही, पडला तरी मोडत नाही, घामानं भिजत नाही. शाळांना तेच हवं होतं. पहिला टोप ती कौतुकानं वडिलांना दाखवायला घेऊन गेली. लक्ष्मणरावांनी तो दोन्ही हातांनी दाबला, सोडला, नाकाशी नेला.

"हे तर चपलेचं रबर हाय," ते म्हणाले. "पायातलं डोक्यावर घालून राहिली व्हय गं?"

"आबा, लोकं मागून राहिलेत. हलकं हाय."

"लोकं काय बी मागतील."

त्यानंतर बापलेकीत कामाचं बोलणं बंद झालं. सणावाराला ती माहेरी जायची, जेवायची, शेतातलं, नात्यातलं सगळं बोलायची. टोपांचा विषय कुणी काढत नसे.

मागच्या वर्षी मार्चच्या शेवटी तिला लातूरहून सुदाम सरांचा फोन आला. सर निवृत्त शिक्षक. तीस वर्षं हौशी नाटकं बसवणारे, आवाजातच दरारा. लातूरच्या एका मैदानावर उघड्या रंगमंचावरची नाट्यस्पर्धा होती, आणि त्यांनी किल्ल्याच्या वेढ्याचं नाटक बसवलं होतं. बारा शिपाई, बारा लोखंडी टोप.

"आठ कसलेही चालतील, ते मागं असतात," सर म्हणाले. "पण चार पहारेकरी अगदी पुढं, बुरुजावर. रात्रीचा प्रसंग, हातात मशाली. ते चार टोप असे पाहिजेत की पहिल्या रांगेतल्या माणसाला लोखंडच वाटावं. हल्ली प्रिंटरवर छापतात म्हणे?"

शिवकन्यानं विचार केला. फोमला लोखंडाचा रंग देता येतो, पण जवळून त्याची जाडी कळते आणि कडा बोथट दिसतात. कागदाला वेळ नव्हता. छापील टोपाला मात्र खिळ्यांची डोकीसुद्धा नेमकी उठतात. मशाली म्हणजे गॅदरिंगला असतात तशा, सेलवरच्या, असं तिनं मनाशी धरलं. विचारलं नाही. सरांनीही वेगळं सांगितलं नाही.

विष्णुपुरीला महामाया राहत होती. पूर्वी ती एका प्रयोगशाळेत कामाला होती. आता घरच्या खोलीत दोन प्रिंटर टाकून मशिनचे सुटे भाग, ट्रॉफ्या असं छापून द्यायची. प्लास्टिकची बारीक तार गरम होऊन थरावर थर चढत जायचा. एका टोपाला दीड दिवस लागला. चारही झाले तेव्हा महामायानं ते घासून, पुट्टी भरून, रंगवून दिले. शिवकन्यानं एक उचलून उजेडात धरला आणि तिला आपल्याच कामाची थोडी लाज वाटली, इतका तो खरा दिसत होता.

"ताई, एक लक्षात ठेवा," महामाया म्हणाली. "ह्याला ऊन सोसत नाही. बंद गाडीत ठेवू नका."

"हाव," शिवकन्या म्हणाली.

गुरुवारी सकाळी दोघं नवरा-बायको व्हॅन घेऊन निघाले. शनिवारी संध्याकाळी सात वाजता प्रयोग होता. लोहा ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. अहमदपूरच्या अलीकडे मागचं चाक बसलं आणि स्टेपनीतही हवा नव्हती. टपरीवाल्याकडे पंक्चर काढून घेईपर्यंत दीड-दोन तास गेले. रस्त्यावर धूळ उडत होती म्हणून श्रीमंतनं काचा लावून घेतल्या होत्या. दोघं लिंबाच्या सावलीत बसून राहिले. ऊन असं होतं की टपरीवाला पाना ओल्या फडक्यात धरत होता. शिवकन्याच्या मनात घोळत होतं ते फक्त उशिराचं.

लातूरला शाळेच्या हॉलसमोर तिनं व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि गरम हवेचा लोट तोंडावर आला. आठ फोमचे टोप होते तसे होते. छापील चार एकात एक ठेवलेले होते. वरचा उचलला तर खालचा त्याच्याबरोबर आला. एकाची कड पानासारखी मुडपली होती, दुसऱ्याचा माथा बसला होता. चौथा ठीक वाटला, पण डोक्यावर धरून बघितला तेव्हा तो लांबट झाला होता, दुधीभोपळ्यासारखा.

श्रीमंत म्हणाला, "आपण काचा..."

"गप बसा," ती म्हणाली. त्याच्यावर चिडून नव्हे. तिला महामायाचे शब्द आता ऐकू येत होते.

सुदाम सर बाहेर आले, टोप बघितले, कपाळाला हात लावला. मग स्वतःच म्हणाले, "जाऊ द्या. बाराही फोमचे घालू. चार जादा आहेत का?"

"हायेत. राखीव आणलेत."

"मग झालं तर. बुरुजावर उजेड कमी ठेवू."

शिवकन्याचा जीव भांड्यात पडला. हॉलच्या मागच्या पटांगणात तालीम सुरू झाली. सहा वाजून गेले होते, पण उजेड होता. शिपाई म्हणून कॉलेजची मुलं-मुली, दोन शिक्षक, आणि दालमिलमध्ये कामाला असलेला अंगद नावाचा उंच माणूस. चार पहारेकऱ्यांत दोन बायकाही होत्या. त्यातली रेणुका दवाखान्यात नर्स होती. ती ड्यूटीवरून थेट आलेली, केस वर बांधलेले. शिवकन्यानं तिच्या डोक्यावर टोप बसवला आणि हनवटीखाली नाडी बांधून दिली.

"छान हलका आहे हो," रेणुका हसून म्हणाली.

मग विटांच्या आडोशामागून चार मशाली आल्या. लाकडी दांड्यांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि त्यांतून रॉकेलचा वास. अंगदनं काडी ओढली. भक्कन् जाळ झाला. एक मशाल रेणुकाच्या हातात गेली, आणि जाळाचं टोक तिच्या टोपापासून हातभर अंतरावर हलत राहिलं.

शिवकन्यानं जाळाकडे बघितलं, मग टोपाकडे. सहा वर्षांत तिनं हा फोम हजार वेळा तापवला होता. कापला होता, चिकटवला होता. पेटवून कधी बघितला नव्हता.

ती पिशवीजवळ गेली. फोमची एक उरलेली पट्टी काढली, अंगदच्या हातातल्या मशालीला लावली आणि मागं सरकली. पट्टी क्षणभर आकसली. मग एकदम पेटली. काळा धूर निघाला आणि पेटते थेंब टपटप फरशीवर पडू लागले. पडले तिथं जळत राहिले. शिवकन्यानं पट्टी खाली टाकली, चप्पल काढून थेंब चेपले. चेपलेला थेंब चपलेला चिकटून वर आला आणि तिथंही जळतच होता.

रेणुकानं मशाल अंगदकडे दिली, नाडीची गाठ सोडली आणि टोप हळूच जमिनीवर ठेवला. भाजलेली माणसं ती रोज बघत होती.

"काय चाललंय?" सुदाम सर म्हणाले.

"सर, मशाली खऱ्या आहेत हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

"सांगितलं होतं. हातात मशाली, असं म्हणालो होतो मी."

"मला वाटलं सेलवरच्या."

"सेलवरच्या मशाली घेऊन किल्ला लढवतात का, बाई? आणि तीन मिनिटांचा प्रसंग आहे. हात लांब धरायला सांगतो मी त्यांना."

"वाऱ्याला कुणी सांगायचं?"

सर तिच्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही माझ्या माणसांना भीती घातलीत. परवा प्रयोग आहे. आता ह्यांचं लक्ष वाक्यावर राहणार नाही, डोक्यावर राहील."

"राहू द्या," शिवकन्या म्हणाली. "पन हे टोप मशालीपाशी जानार न्हाईत. मी केलेत, मी सांगून राहिले. तुम्ही मशाली सोडा, न्हाईतर टोप सोडा."

"बोडक्या डोक्याचा पहारेकरी? आणि मशालीवरच तर सगळं नाटक उभं आहे. आग बघूनच शत्रूला तटाचा ठाव लागतो."

शेवटी शिवकन्याच्या तोंडून निघून गेलं, "मी चार कागदाचे करून देते. परवा संध्याकाळपर्यंत."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. कागदाच्या टोपाला चार दिवस लागतात. आणि कागद काय, जळत नाही?

श्रीमंतची बहीण लातूरला राहायची, तिच्याकडे मुक्काम होता. दिवेलागणीला शिवकन्यानं तिथून माहेरी फोन लावला. आई केवळाबाईनं उचलला. "आबाला दे," म्हटल्यावर फोन हातोहात गेला. मग वडिलांचा खाकरा ऐकू आला.

शिवकन्यानं सगळं सांगितलं. व्हॅन, ऊन, मशाली, पेटलेली पट्टी. लपवलं काही नाही.

"मंग मला कशाला इचारून राहिली?" लक्ष्मणराव म्हणाले. "त्या चपलेला इचार."

"आबा, तुमची सोंगं पलित्यांच्या मधून निघायची. एकदा बी मुखवटा पेटला न्हाई. तुम्ही खळीत काय टाकायचे?"

पलीकडून पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला. मग ते बोलू लागले, सावकाश, जणू समोर घमेलं घेऊन बसलेत.

"तुरटी. अन् टाकणखार. ऊन पान्यात इरघळवायचं, त्यात कागदाच्या पट्ट्या भिजू घालायच्या. त्याच पान्यात खळ शिजवायची. सहा थर. वरून मुलतानी मातीचा हात, पातळ. रंगाचा डबा लावू नको, त्यो रंगच पेटतो."

"मंग पेटत न्हाई ना?"

"कोन म्हनलं? कागद हाय, पेटल. पर त्यो सांगून पेटतो. आदी काळा पडतो, धुरतो, मानसाला येळ देतो. तुझं रबर येळ देत न्हाई अन् कातडीला धरतं." ते थांबले. "अन् हनवटीखाली गाठ मारू नको. एका हातानं टोप फेकता आला पायजे. ध्यानात ठेव."

"ठेवते, आबा."

"सहा थर. पाच न्हाई."

शुक्रवारी सकाळी बाजार उघडायच्या वेळेला ती उभी होती. किराणा दुकानातून तुरटी, टाकणखार, मेथी, मैदा. कुंभाराकडून डोक्याच्या मापाची चार मडकी. मडकी पालथी घालून त्यांना तेलाचा हात लावला आणि नणंदेच्या गच्चीवर ती कामाला बसली. श्रीमंत वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडत होता. कापायच्या नाहीत, फाडायच्या. फाटलेली कड दुसरीत बेमालूम बसते. पहिले तीन थर बसले तेव्हा दहा वाजले. ऊन कडक होतं. आदल्या दिवशी ज्या उन्हानं तिचा घात केला तेच आता थरातलं पाणी ओढून घेत होतं. चार वाजता उरलेले तीन थर चढले.

बोटांना जुनी सवय आठवत होती, पण घाई होत होती. चौथ्या मडक्याला पट्टी लावताना तिनं थर मोजले. पाच झाले होते. खळ संपत आलेली. हे पाच पुरतील असं मनात आलं. मग तिनं उठून पुन्हा खळ शिजवायला ठेवली.

शनिवारी सकाळी जाग आली ती गडगडाटानं. आभाळ भरून आलं होतं. तिनं गच्चीवर धाव घेतली आणि मडकी एकेक करून खाली आणली. शेवटचं आणताना थेंब सुरू झाले. कागद वरून सुका वाटत होता, पण बोटानं दाबला की आत ओल जाणवायची. ओला टोप मडक्यावरून काढला तर बसणार. आणि मातीचा हात द्यायचा अजून बाकी होता.

पंखा लावला. इस्त्री फिरवली. नऊ वाजले तरी फरक नाही. तिनं रेणुकाला फोन केला, रेणुकानं अंगदला. अंगद अर्ध्या तासात मोटरसायकलवर हजर.

"ताई, आमच्या मिलमधे डाळ वाळवायचा ड्रायर हाय," तो म्हणाला. "गरम हवेचा. म्यानेजरला इचारलं मी. बारापर्यंत एक कप्पा रिकामा हाय म्हनले."

पावसातून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मडकी मांडीवर घेऊन, शिवकन्या व्हॅनमध्ये बसली. मिलमध्ये तुरीच्या डाळीची पिवळी धूळ सगळीकडे. अंगदनं जाळीच्या फळीवर मडकी मांडली आणि दार लावलं. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. शिवकन्या दारासमोर पोत्यावर बसून राहिली. फार तापलं तर कागद आकसून तडकतो हे तिला माहीत होतं. कमी तापलं तर वेळ जातो. दर दहा मिनिटांनी ती दार उघडायला लावायची, हात घालायची, पुन्हा लावायला सांगायची. अंगद एका शब्दानं वैतागला नाही.

साडेअकराला आतून टक्क असा आवाज आला. दार उघडलं तर एका टोपाला कानावर वीतभर तडा गेला होता. बाकी तीन वाळले होते, ठणठणीत. बोटानं वाजवले तर लाकडासारखे वाजले.

"तीन झाले," श्रीमंत म्हणाला. "एकाला मागं उभं करा म्हनावं."

तडा गेला होता तो चौथ्या मडक्याच्या टोपाला, सहावा थर उशिरा चढला होता त्याला. नणंदेच्या घरच्या जुन्या धोतराची पट्टी तिनं तुरटीच्या पाण्यात बुडवली, खळीत माखली, तड्यावर आतून-बाहेरून बसवली आणि घरी येऊन कोरडी इस्त्री दाबून धरली. वाफ निघत राहिली. वाफ थांबली तेव्हा दोन वाजले होते. मग मातीचा हात, पुन्हा पंखा, पुन्हा इस्त्री. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली ग्रॅफाइटची पूड फडक्यावर घेऊन ती चारही टोप चोळत बसली. चोळता चोळता मातीतून काळसर चमक वर आली. रंगाच्या डब्यातली चमक अशी कधी दिसत नाही. नणंद दारातून बघत म्हणाली, "अगं, हे खरंच लोखंड झालं की."

मैदानावर पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते. पाऊस थांबला होता, पण वारा सुटला होता. कनातीच्या मागं, रंगभूषेच्या जागी, सुदाम सर उभे. त्यांनी टोप हातात घेतले, उलटसुलट केले, आणि पहारेकऱ्यांच्या हातात दिले. शिवकन्या पाण्याच्या बादलीत गोणपाट भिजवायला गेली. परत येऊन बघते तर चौघांच्याही टोपांना भोकं पाडून नाड्या ओवलेल्या, आणि हनवटीखाली दुहेरी गाठी.

"हे कुणी केलं?"

"मी सांगितलं," सर म्हणाले. "हलत होते. स्टेजवर पडला तर लोक हसतील."

"हसू द्या."

ती कात्री घेऊन आली आणि रेणुकाची नाडी कापली. मग दुसऱ्याची. सर म्हणाले, "बाई, मी ह्या नाटकाचा दिग्दर्शक आहे." ती तिसऱ्याची कापत होती. चौथा अंगद. तो तिच्यासाठी गुडघ्यात वाकला.

पहिली घंटा झाली होती. शिवकन्यानं चौघांच्या टोपांत कपड्याच्या घड्या घालून ते घट्ट बसवले आणि प्रत्येकाला सांगितलं, "जरा बी गरम लागलं की डाव्या हातानं काढायचा अन् खाली टाकायचा. नाटक गेलं उडत."

बुरुजाचा प्रसंग पाऊण तासानं आला. ती विंगेत ओलं गोणपाट हातावर घेऊन उभी होती. चार मशाली पेटल्या. प्रेक्षकांतून हुंकार निघाला. वारा कनातीला फुगवत होता. सगळे जाळ एका बाजूला झुकले, सरळ झाले, पुन्हा झुकले. रेणुका बुरुजाच्या कडेला आली. तिच्या मागं अंगद. वाऱ्याचा एक झोत आला आणि अंगदच्या मशालीचा जाळ लांब होऊन रेणुकाच्या टोपाला भिडला.

एक, दोन. शिवकन्यानं पाऊल पुढं टाकलं. टोप पेटला नाही. कानामागची जागा काळी पडत गेली आणि तिथून पांढरा धूर निघाला. अंगदनं मशाल ओढून घेतली. रेणुकाला ऊब लागली असावी. तिनं वाक्य तोडलं नाही, डावा हात वर नेला, टोप काढला आणि तटाच्या काठावर ठेवला. बोडक्या डोक्यानं तिनं खाली अंधाराकडे बघितलं आणि पुढचं वाक्य म्हणाली. धुरकटणारा टोप तिच्या शेजारी तसाच होता. हळूहळू धूर विरला.

लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. शिवकन्याच्या हातातलं गोणपाट केव्हाचं पिळून निघालं होतं, पायाशी पाण्याचं तळं झालेलं. प्रसंग संपून रेणुका विंगेत आली तेव्हा शिवकन्यानं तिचा कान, मान, केस चाचपून बघितले. काही नव्हतं. रेणुकानं तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. दोघी नाटक संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या.

नाटकाला दुसरा क्रमांक मिळाला. सुदाम सरांनी माफी मागितली नाही. मंडप उतरवत असताना ते तो डागाळलेला टोप हातात घेऊन आले, डागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माझी नात पुढच्या नाटकात काम करायचं म्हणते आहे." एवढंच. टोप त्यांनी स्वतःच्या पिशवीत घातला.

वडिलांना तिनं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.

"डाग केवढा पडला?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"तळहाताएवढा."

"मंग खळ पातळ झाली व्हती," ते म्हणाले.

नांदेडला परतल्यावर शिवकन्या आठवडाभर कामाला बसली नाही. वही काढून तिनं सहा वर्षांत जिथं जिथं फोमचे टोप-मुकुट दिले त्या शाळांची, मंडळांची नावं लिहून काढली. भोकर, हदगाव, लातूर, उदगीर, देगलूर. मग एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. आगीजवळ नेऊ नका, ओवाळताना, समई लावताना, फटाक्यांजवळ घालू नका. श्रीमंतला हे पटलं नाही.

"कुठं काय झालंय का? उगंच आपल्या मालाला आपणच नावं ठेवून राहिली."

"झालं न्हाई तोवरच सांगायचं असतं," ती म्हणाली.

बहुतेकांनी बरं म्हटलं. दोन शाळांनी तिचं काम थांबवलं. एका मुख्याध्यापकानं फोनवर दहा मिनिटं सुनावलं, आणि तिनं ते ऐकून घेतलं. देगलूरकडच्या एका शाळेचा फोन लागेना. तिथं तिनं सत्तावीस मुकुट दिले होते, म्हणून ती एसटीनं स्वतःच गेली.

तिथल्या मोठ्या बाई गौरम्मा. घरात कन्नड बोलणाऱ्या, मराठी ठसक्यात. सगळं ऐकून त्यांचा चेहरा कठोर झाला.

"म्हणजे चार वर्षं आमची लेकरं हे घालून दिवा लावत होती, अन् तुम्हाला ठावं नव्हतं?"

"न्हाई, बाई. मी कधी पेटवून बघितलं न्हाई. चूक माझीच हाय."

गौरम्मांनी हातातली वही मिटली. मग उठून सामानाच्या खोलीचं कुलूप काढलं. दोघींनी मिळून सत्तावीस मुकुट खाली उतरवले. शिवकन्यानं पिशवीतून सुई-दोरा आणि लाल कापडाच्या चिठ्ठ्या काढल्या. 'आगीपासून लांब ठेवा', असं तिनं घरूनच रंगवून आणलं होतं. ती प्रत्येक मुकुटाच्या आत एकेक चिठ्ठी शिवू लागली. चार-पाच झाल्यावर गौरम्मांनी चष्मा लावला, दुसरी सुई मागून घेतली आणि शेजारी सतरंजीवर बसल्या.

बाहेर मधली सुट्टी झाली, मुलींचा गलका झाला, पुन्हा शांत झालं.

"ह्या वर्षी देवीचा देखावा आहे," गौरम्मा दोरा तोडत म्हणाल्या. "मुकुट कागदाचा करा. पण हलका पाहिजे."

"कागदाचा फोमइतका हलका व्हायचा न्हाई, बाई. खोटं कशाला सांगू?"

"मग?"

"जी देवी होनार हाय ती लेक बोलवा," शिवकन्या म्हणाली आणि पिशवीतून मापाची टेप काढली. "तिची मान किती पेलती ते आदी बघू. मंग ठरवू."

गौरम्मांनी दारातून व्हरांड्यातल्या एका मुलीला हाक मारली, "महादेवी, सातवीतल्या लुंबिनीला पाठव गं इकडं."